वाफ्याशेजारचा वाफा : नियंत्रित प्रयोगाची पार्श्वभूमी

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या माझ्या भाचीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन कुंड्यांत मेथी पेरली होती. एका कुंडीत नुसती माळव्याची काळी माती होती आणि दुसरीत त्याच मातीत कालवलेले कंपोस्ट. पंधरा दिवसांत कंपोस्टची मेथी दोन बोटे उंच निघाली आणि तक्ता रंगवायलाही घेतला गेला. मग कोणाच्या तरी लक्षात आले की, ती कुंडी गच्चीच्या कठड्यावर उन्हात होती आणि दुसरी जिन्याखाली सावलीत. मेथी खताने वाढली की उन्हाने, याचे उत्तर त्या दोन कुंड्यांकडे नव्हते. चूक शाळकरी वाटते खरी. पण तिच्यावरचा पुरता उपाय सापडायला विज्ञानाला अडीचशेहून अधिक वर्षे लागली, आणि त्या कथेतला एक टप्पा इंदुरातच घडलेला आहे.

सडक्या मांसात किडे आपोआप निर्माण होतात, ही समजूत युरोपात शतकानुशतके चालत आली होती. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी याने १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही बरण्यांत मांस ठेवून त्यांची तोंडे घट्ट बंद केली आणि तशाच काही बरण्या उघड्या ठेवल्या. उघड्या बरण्यांत माश्या आल्या आणि अळ्या पडल्या. बंद बरण्यांत अळ्या नव्हत्या. पण बंद बरणीत माशीबरोबर हवाही अडते, तेव्हा अळ्या न होण्याचे कारण हवेचा अभाव हेही असू शकते, अशी शंका घेण्यास जागा उरत होती. म्हणून रेदीने तोंडावर बारीक जाळीचे कापड बांधून प्रयोग पुन्हा केला. आता हवा आत जात होती आणि फक्त माशी बाहेर राहत होती. मांसात अळ्या तरीही झाल्या नाहीत. बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची, आणि आपण नकळत दुसरीही बदलली असेल तर ती शोधून काढायची, हे सूत्र त्या जाळीच्या तुकड्यात पूर्णपणे दिसते.

इंग्रजांच्या आरमारातला वैद्य जेम्स लिंड याचा १७४७ मधला प्रयोग अधिक प्रसिद्ध आहे. लांबच्या सफरींत खलाशांच्या हिरड्या सुजत, अंगावर डाग पडत आणि पुष्कळ जण दगावत. ‘सॉल्झबरी’ या जहाजावर लिंडने या स्कर्व्हीचे शक्य तितके सारख्या अवस्थेतले १२ रोगी निवडले, त्यांना एकाच जागी ठेवले, सर्वांना एकच जेवण दिले आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीवर वेगळा उपाय केला. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू मिळाली, कोणाला व्हिनेगर, तर कोणाच्या वाट्याला चक्क समुद्राचे पाणी आले. संत्री आणि लिंबे मिळालेल्या जोडीतला एक जण सहा दिवसांत उठून कामाला लागण्याजोगा झाला आणि दुसराही बराच सुधारला. तरीही आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र द्यायला १७९५ साल उजाडले. या दिरंगाईचा दोष नेहमी दरबारी खाक्यावर टाकला जातो. माझ्या मते लिंडच्या मांडणीतही एक उणीव होती. दोन माणसे बरी झाली, एवढ्यावर योगायोगाची शक्यता संपत नाही.

योगायोगाचा हा प्रश्न सुटला तो शेतात. १८४३ मध्ये जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड येथे गव्हाच्या लांबट पट्ट्यांवर खतांचे प्रयोग सुरू केले. त्यातला एक पट्टा मुद्दाम बिनखताचा ठेवला गेला आणि तो आजतागायत तसाच आहे. शेजारचा हा कोरा पट्टा म्हणजेच प्रयोगशाळेतल्या बोलीतला ‘कंट्रोल’. आपल्याकडे त्याला ‘नियंत्रण गट’ म्हणतात, पण या शब्दाने थोडी दिशाभूल होते. त्या गटावर कोणी काही नियंत्रण गाजवत नाही. तो केवळ तुलनेसाठी असतो. मात्र दोन पट्ट्यांमधला फरक खताचा की मुळात जमिनीच्या कसाचा, हे अशा मांडणीतून ठरत नाही. बांधाकडची माती वेगळी आणि ओहोळाकडची वेगळी, हे कोणताही शेतकरी सांगेल.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रोथॅमस्टेडला आला तो साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी. जुन्या आकड्यांशी झगडताना त्याला दिसले की, दुखणे हिशेबात नसून मांडणीत आहे. प्रत्येक खत एकाच वाफ्याला न देता अनेक वाफ्यांना द्यावे, सारख्या मातीचे वाफे एकत्र घेऊन त्यांचे गट पाडावेत, आणि गटातल्या कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे त्याने सांगितले. यांतला तिसरा नियम सर्वांत क्रांतिकारक होता, कारण माहीत असलेला फरक आपण टाळू शकतो, पण माहीत नसलेला फरक फक्त चिठ्ठीच दोन्ही बाजूंना निःपक्षपातीपणे वाटते. १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्याने चहाचे उदाहरण घेतले. कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येते, असा एका बाईंचा दावा होता. (दूध-पाणी एकत्र उकळणाऱ्या इंदुरी टपरीवर हा वाद उद्भवलाच नसता.) दोन्ही प्रकारचे चार-चार, असे आठ कप वाटेल त्या क्रमाने पुढे ठेवले, तर निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक असते. पुढे हीच पद्धत वैद्यकात गेली आणि क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोणत्या रोग्याला औषध मिळणार हे बंद लिफाफ्यातून ठरले.

इंदूरचा संबंध १९२४ पासूनचा. होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभारली. आजचे कृषी महाविद्यालय हे तिचेच पुढचे रूप. पऱ्हाटीची खोडे, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्यापासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ येथेच आकाराला आली आणि १९३१ मध्ये हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती पुस्तकरूपाने मांडली. गंमत अशी की, याच हॉवर्डांचा छोट्या वाफ्यांच्या प्रयोगांवर आणि संख्याशास्त्रावर विश्वास नव्हता. वाफा म्हणजे शेत नव्हे, अशी त्यांची भूमिका होती आणि पुढे त्यांनी रोथॅमस्टेडच्या पद्धतीवर कडक टीका केली. ते इंदूर सोडून गेल्यानंतर त्याच संस्थेत विनायक गोविंद पानसे यांनी फिशरच्या धर्तीचे संख्याशास्त्र कापसाच्या संशोधनात रुजवले. पुढे ते संस्थेचे संचालकही झाले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याबरोबर त्यांनी १९५४ मध्ये लिहिलेले कृषिसंख्याशास्त्राचे पुस्तक देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरले गेले. हॉवर्डांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण वाफ्यातला निष्कर्ष शंभर एकरांत टिकेलच असे नाही. परंतु वाफ्यातही न टिकणारा दावा शेतापर्यंत पोहोचू नये, एवढे काम चिठ्ठ्या नक्की करतात.

भाचीने प्रयोग नव्याने मांडला. एकाच मापाच्या आठ कुंड्या, प्रत्येकीत वीस दाणे, सर्वांना एकाच पेल्याने पाणी आणि सगळ्या गच्चीवर एका ओळीत. कोणत्या चार कुंड्यांत कंपोस्ट घालायचे, हे तिने आजीला स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावून ठरवले. एकविसाव्या दिवशी पट्टी लावली, तेव्हा सर्वांत उंच चार कुंड्यांपैकी तीन कंपोस्टच्या निघाल्या. ती खूश झाली आणि आम्ही हिशेब करायला बसलो. कंपोस्टचा काहीही परिणाम नसता, तरी तीन किंवा चारही कुंड्या केवळ नशिबाने वर येण्याची शक्यता ७० मध्ये १७, म्हणजे जवळजवळ चारात एक. तिने तक्त्यावरचा ‘कंपोस्टमुळे मेथी जोमाने वाढते’ हा मथळा खोडला आणि विचारले, “मामा, सोळा कुंड्या गच्चीवर मावतील का?”