फेरारी २५० जीटीओ : बाजारमूल्य

इटलीतील मारानेल्लो येथील फेरारी कारखान्याने १९६२ ते १९६४ या काळात बांधलेली शर्यतीची स्पोर्ट्‌स कार. तीन लिटर इंजिनाच्या अशा अवघ्या ३६ गाड्या झाल्या. नवी असताना अमेरिकेत ती सुमारे १८ हजार डॉलरना मिळे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे आरएम सदबीजच्या लिलावात त्यांपैकी एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. जुन्या स्पोर्ट्‌स कारचे मोल कशाने ठरते, ते का चढते आणि का कोसळते, हे या एका गाडीच्या व्यवहारांत जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही गाडीत दिसत नाही.

गाडी आणि तिची दुर्मीळता

गाडीचा मूळ आराखडा अभियंता जोत्तो बिझारिनी याचा. १९६१ च्या अखेरीस कारखान्यात मोठा बेबनाव झाला, बिझारिनी आणि त्याचे काही सहकारी बाहेर पडले आणि उरलेले काम तरुण माउरो फोर्गिएरी व पत्राकाम करणारा सेर्जो स्कालिएत्ती यांनी पुरे केले. गाडीच्या पुढच्या भागात १२ सिलिंडरांचे २,९५३ घन सेंमी. क्षमतेचे इंजिन, सहा वेबर कार्ब्युरेटर, पाच गिअर, सुमारे ३०० अश्वशक्ती आणि हाताने ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असे तिचे स्वरूप होते. जीटी (ग्रँड टूरिंग) या शर्यतीच्या गटात उतरायचे तर वर्षभरात १०० गाड्या बांधाव्यात असा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा नियम होता. फेरारीने जीटीओ ही आधीच्या २५० जीटी गाडीचीच सुधारित आवृत्ती असल्याचे दाखवून मान्यता मिळवली. पुढे २५० एलएम या गाडीसाठी असाच प्रयत्न झाला, पण त्या वेळी महासंघाने जीटी गटाची मान्यता नाकारली.

आज जिची दुर्मीळता कोट्यवधींची ठरते ती अशी नियमाच्या फटीतून आलेली आहे. संग्राहकांसाठी मुद्दाम कमी गाड्या काढाव्यात, असा विचार त्या काळी कोणाच्या मनातही नव्हता. गाडी जिंकण्यासाठी बांधली होती आणि ती जिंकली. १९६२, १९६३ आणि १९६४ अशी सलग तीन वर्षे दोन लिटरवरील जीटी गटाचे विजेतेपद फेरारीकडे राहिले. १९६२ च्या फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत जीटीओ गाड्या सर्व गाड्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या.

पडता काळ

शर्यतीच्या गाडीला हंगाम संपला की गिऱ्हाईक राहत नाही. इंजिन मागे बसवलेल्या गाड्या आल्या तशी जीटीओ कालबाह्य झाली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ती काही हजार डॉलरना विकली जाऊ लागली. त्यांतली एक गाडी टेक्सासमधील व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला देणगी म्हणून मिळाली. तिथे ती मुलांना मोटार दुरुस्ती शिकवण्याच्या कामी आली. १९७२ मध्ये शाळेने ती साडेसहा हजार डॉलरना विकली आणि पुढची कितीतरी वर्षे ती ओहायोत उघड्यावर ट्रेलरवर ऊन-पाऊस खात उभी होती. शाळेने काही चुकीचे केले असे म्हणता येणार नाही. त्या वर्षी तिची बाजारातली किंमतच तेवढी होती.

लेखापाल ज्याला घसारा म्हणतो त्याचा हा तळ. बहुतेक गाड्या या तळाशी भंगारात जातात. ज्या वाचतात त्यांच्यापैकी मोजक्याच पुन्हा वर चढतात आणि त्यामागे बहुधा एकच गोष्ट असते. लहानपणी त्या गाडीचे फोटो पाहून वेडावलेली पिढी कमावती होते. पिंक फ्लॉइडचा ढोलवादक निक मेसन याने ल मांमध्ये तिसरी आलेली जीटीओ १९७७ मध्ये सुमारे ३७ हजार पौंडांना घेतली, तेव्हा ती रक्कमही लोकांना अवाच्या सवा वाटली होती. त्याने ती शर्यतींत आणि रस्त्यावर मनसोक्त चालवली, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत आनंदाची गोष्ट.

फुगा

ऐंशीच्या दशकात स्वस्त कर्ज, तेजीतले शेअर बाजार आणि जपानी खरेदीदारांचा पैसा एकत्र आला. १४ ऑगस्ट १९८८ रोजी कारखान्याचे संस्थापक एन्झो फेरारी वारले आणि त्यांच्या नावाच्या प्रत्येक गाडीचे भाव भडकले. वर्ष-दीड वर्षात जीटीओ एक कोटी डॉलरच्या वर गेली. गाडी न पाहता, फोनवर सौदे होत आणि गाडी ताब्यात यायच्या आत ती पुढे विकली जाई. १९९० मध्ये टोकियोचा बाजार कोसळला, व्याजदर चढले आणि गिऱ्हाईक एका हंगामात नाहीसे झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास हीच गाडी तीस लाख डॉलरच्या आसपास मिळत होती. तरीही जीटीओचे मालक त्यातल्या त्यात सुदैवी, कारण त्यांची गाडी पुन्हा चढली. त्याच लाटेत साध्या जॅग्वार आणि दुय्यम फेरारी कर्ज काढून घेणाऱ्यांना मूळ रक्कम दिसायला पुढे फार वर्षे थांबावे लागले.

दुसरी चढण संथ आणि अधिक भक्कम होती. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ठेवींवरचे व्याज नगण्य झाले आणि श्रीमंतांनी हाताला लागेल अशी मालमत्ता शोधली. २०१४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात एक जीटीओ ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेली. २०१८ मध्ये, १९६४ ची तूर द फ्रान्स ही मोटारशर्यत जिंकलेली गाडी खासगी सौद्यात ७ कोटी डॉलरना विकली गेल्याचे वृत्त आले. २०२३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे, चार लिटर इंजिनाने शर्यतीत उतरलेली १९६२ ची ३३० एलएम/२५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली.

हे आकडे वाचताना सावध राहावे लागते. २०१८ च्या मॉन्टेरे लिलावात हातोडा प्रत्यक्षात ४ कोटी ४० लाखांवर पडला होता. त्यावरची जादा रक्कम म्हणजे खरेदीदाराकडून घेतले जाणारे लिलावगृहाचे शुल्क. विकणाऱ्याच्या हाती येणारा पैसा आणि वर्तमानपत्रात छापून येणारा पैसा यांत असा लाखोंचा फरक असतो. खासगी सौद्यांचा आकडा तर कोणी कागदावर दाखवत नाही. लिलावात न विकल्या गेलेल्या गाड्या बातमीत येत नाहीत, त्यामुळे बाजार आहे त्याहून तेजीत भासतो.

ही तीच गाडी का?

मोल ठरवणारा खरा प्रश्न हा आहे. जीटीओचा पत्रा, इंजिन, आसने, सगळे आज कुशल कारागीर नव्याने घडवू शकतात. घडवता येत नाही तो तिचा भूतकाळ. म्हणून चासी क्रमांक, इंजिन आणि गिअरबॉक्सवरचे मूळ शिक्के, कारखान्याची कागदपत्रे, शर्यतीचे जुने फोटो आणि मालकांची अखंड यादी यांना गाडीइतकेच मोल येते. जमिनीच्या सातबाऱ्यात मध्येच एक फेरफार सापडत नसेल तर गिऱ्हाईक जसे मागे सरते, तसेच इथेही होते.

पण मूळपण म्हणजे काय, हे ठरवणे सोपे नाही. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयासमोर ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली गाडीचा खटला आला. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मां जिंकणारी ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचे ठरले होते, पण हिच्यात त्या विजयी गाडीचे काहीच उरलेले नाही असे म्हणत खरेदीदाराने पैसे नाकारले. सुटे भाग बदलत गेले होते हे खरेच होते. न्यायाधीशांनी निकाल दिला की हिला मूळ स्थितीतली गाडी म्हणता येणार नाही, पण ती कधीच मोडीत निघाली नाही, तिचा प्रवास कुठेही तुटला नाही, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ आहे. या विषयावर याहून समंजस विवेचन प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

जीटीओच्या बाजाराने हाच विवेक पाळलेला दिसतो. २०१८ मध्ये मॉन्टेरेला विकली गेलेली गाडी १९६२ ची, पण तिच्यावरचा पत्रा १९६४ च्या धाटणीचा होता. तो बदल स्कालिएत्तीनेच, गाडी शर्यतीत असताना केला होता, म्हणून तो तिच्या चरित्राचा भाग ठरला. तोच बदल वीस वर्षांनी एखाद्या खासगी गॅरेजात झाला असता तर किंमत घसरली असती. २०१४ ची गाडी तर अपघातग्रस्त. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचे सुवर्णपदक जिंकणारा आंरी ओरेये १९६२ मध्ये पॅरिसजवळच्या मोंतलेरी येथे याच गाडीत मृत्यू पावला. दुरुस्ती त्याच काळात झाली, नोंदी स्पष्ट होत्या, आणि नंतर जवळजवळ अर्धशतक ती एकाच इटालियन संग्राहकाकडे राहिली. अपघात लपवला असता तर मोल गेले असते. तो उघड नोंदलेला होता.

याची दुसरी, दुःखद बाजू म्हणजे २५० जीटीई. याच घराण्याच्या १२ सिलिंडरी इंजिनाची, मागे दोन लहान आसने असलेली ही देखणी गाडी साडेनऊशेच्या आसपास निघाली आणि बराच काळ स्वस्त राहिली. परिणामी कितीतरी जीटीई फाडल्या गेल्या आणि त्यांच्या सांगाड्यावर व इंजिनावर जीटीओच्या नकला बांधल्या गेल्या. आता चांगल्या जीटीईलाच भाव आला आहे आणि गेलेल्या गाड्या परत येणार नाहीत. नकलांच्या बाबतीत २०१९ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओचा आकार ही कलाकृती असल्याचे मानून त्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण दिले.

कागदपत्रांनंतर येते ती अवस्था. तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत कारखान्यातून आज निघाल्यासारखी चकचकीत गाडी सर्वांत महाग असे. आता हात न लावलेल्या गाडीला अनेकदा अधिक बोली लागते. २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये आर्तक्यूरियाल या लिलावगृहाने पश्चिम फ्रान्समधील एका जुन्या संग्रहाचा लिलाव केला. त्यातली २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली धूळ खात सापडली होती. ती तशीच विकली, १ कोटी ६३ लाख युरोंना. अभिनेता आलँ दलाँ कधीकाळी तिचा मालक होता, त्याचाही वाटा त्या किमतीत होता.

इतर गाड्यांशी तुलना

केवळ वय झाले म्हणून स्पोर्ट्‌स कार महाग होत नाही. जीटीओच्याच साली आलेली ब्रिटिश एमजीबी १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक संख्येने निघाली. १९८८ पासून तिचा संपूर्ण नवा सांगाडा, जुन्याच साच्यांतून काढलेला, विकत मिळतो. त्यामुळे एमजीबी कायमची नष्ट होत नाही आणि म्हणूनच फार महागही होत नाही. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप या दोहोंच्या मध्ये बसते. ७२ हजारांहून अधिक गाड्या झाल्या, पण बॉनेटची कुलपे बाहेरून असलेल्या आणि तळपत्रा सपाट असलेल्या पहिल्या शेकडो गाड्यांना वेगळाच भाव मिळतो. गंजलेली ई-टाइप नीट करायला लागणारा खर्च मात्र पुष्कळदा तयार गाडीच्या किमतीहून जास्त होतो. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याने कमी किमतीच्या मोहात न पडता दुसऱ्याने पैसा ओतून नीट केलेली गाडी घ्यावी, हा सल्ला म्हणूनच सर्वत्र दिला जातो.

भाव पिढीबरोबर सरकतात. युद्धपूर्व गाड्यांचे चाहते कमी होत आहेत आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाड्या वर येत आहेत. कायदाही हातभार लावतो. अमेरिकेत २५ वर्षे जुनी परदेशी गाडी तिथल्या सुरक्षा नियमांविना आणता येते, त्यामुळे १९८९ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर २०१४ पासून तिकडच्या गिऱ्हाइकांना खुली झाली आणि जपानमधले भाव चढले. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीतल्या नफ्यावर भांडवली लाभ कर नाही.

लिलावातली आजवरची सर्वांत महाग गाडी मात्र जीटीओ नाही. १९५५ ची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे २०२२ च्या मेमध्ये श्टुटगार्ट येथे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. अशा दोनच गाड्या बांधल्या होत्या आणि दोन्ही कंपनीच्याच ताब्यात होत्या. पण तिला नेहमीच्या बाजाराचे माप लावणे योग्य नाही. निमंत्रितांपुरता तो लिलाव होता. जीटीओ मात्र हातोहात फिरत आली आहे, म्हणून तिच्याच व्यवहारांवरून बाजाराचा अंदाज घेतला जातो.

भारतातील स्थिती

भारतात कडक आयात निर्बंधांमुळे साठच्या दशकातल्या युरोपीय स्पोर्ट्‌स कार फारच थोड्या आल्या. जुन्या गाड्यांचा इथला बाजार प्रामुख्याने संस्थानिकांच्या मोठ्या मोटारींचा राहिला. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. म्हणजे मूळपणाची अट इथे थेट कायद्यात आली आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, पुनर्नोंदणीचे ५ हजार. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात.