परसातला बांध घालण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी चार गोष्टी

उतारावरच्या घराला खळं हवं, मागे आगर हवं, म्हणजे माती अडवणारी भिंत आलीच. कोणी तिला बांध म्हणतं, कोणी रिटेनिंग. आमच्याकडे आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, चिरा, म्हणजे जांभा, लावणार की काळा दगड? आम्ही उलट विचारतो, पावसात तुमच्याकडे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?

कारण बांध पाडते ती बहुतेक वेळा माती नव्हे, मातीत तुंबलेलं पाणी. सहा फुटी भिंतीमागे पाणी वरपर्यंत भरलं, तर भिंतीच्या दर फूट लांबीवर निव्वळ पाण्याचाच रेटा सुमारे अर्धा टन. कोरड्या मातीचा रेटा त्याहून बराच कमी असतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जेमतेम चार महिन्यांत, म्हणजे माती कोरडी राहण्याची आशाच नको.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एक चिऱ्याचा बांध घातला, दरजा छान भरून दिल्या, भोकं ठेवली नाहीत. मालक खूश. दुसऱ्या आषाढात मधोमध पोट आलं, खालचे चिरे भिजून काळपट झाले. पहारीने तळाशी भोक पाडलं, तर गढूळ पाण्याची चूळ थेट अंगावर आली. तो बांध उतरवून पुन्हा घालून दिला, अर्थातच आमच्या खर्चाने.

म्हणून आता भिंतीच्या मागे, जिथे कोणी बघत नाही, तिथे जास्त लक्ष घालतो. पाठीला फूटभर रुंदीचा काळ्या खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणारं कापड, आणि दर चार-पाच फुटांवर बाहेर उतार दिलेला चार इंची पाइप. खडीऐवजी चिऱ्याचे तुकडे टाकून पैसे वाचवू नका, त्यांचा भुगा होऊन वाट बुजते. भराव एकदम ओतायचा नाही, सहा-आठ इंचांचा थर टाकून धुमसाने चोपायचा. मागे चिकणमाती नको.

पाया कातळाला किंवा घट्ट जमिनीला लागला पाहिजे. सहा फूट उंचीला दगडी भिंतीचा तळ तीन-साडेतीन फूट रुंद लागतो, आणि दर्शनी बाजू फुटाला इंचभर आत झुकती. आठ फूट उंची हवी असेल तर एकाऐवजी चार-चार फुटांचे दोन बांध बरे, दुसरा निदान आठ फूट मागे सरकवून. मधल्या पट्टीत हळद लावा, अबोली लावा. पाच फुटांवर गेलो की आम्ही अभियंत्याचा नकाशा घेतल्याशिवाय कुदळ मारत नाही. आरसीसी करायचंच असेल तर खाडीची खारी वाळू आमच्या कामावर चालणार नाही, आतलं लोखंड गंजतं.

आता जुना गडगा. आजोबांचा गडगा पन्नास वर्षं उभा आहे, मग सिमेंट कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. बरोबर आहे, सुक्या चिऱ्यांच्या फटींतून पाणी निथळतं म्हणूनच तो टिकला. पण गडगा हद्दीसाठी असतो. एका चिऱ्याच्या गडग्याला पाठीमागून भराव टेकवलात तर तो पहिल्याच मिरगात शेजाऱ्याकडे जाईल.

पागोळीचं आणि न्हाणीचं पाणी बांधाच्या डोक्यावर सोडू नका, पन्हळीने बाजूला न्या, माडाला घाला. कठड्याजवळ आंबा-फणस नको. वाळा लावा, त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात.

एक काम आम्ही घेत नाही. घराच्या मागे डोंगरच सरकत असेल, वर भेगा दिसत असतील, तर परसातली भिंत त्याला अडवणार नाही. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळिये गावात दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना आठवतं. अशी जागा भूवैज्ञानिकाला दाखवा.

काम दिवाळीनंतर ठरवा. चिरा आणि गवंडी दोन्ही तेव्हाच मिळतात, मे महिन्यात धावपळ होते. पहिल्या भेटीआधी जमल्यास मागच्या पावसातला परसाचा मोबाइलवरचा व्हिडिओ पाठवा.

आणि बांध झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन समोर उभे राहा. पाइपांतून पाणी यायला हवं. वरची माती चिंब आणि पाइप मात्र कोरडे असतील, तर त्याच दिवशी फोन करा.