चार हुकमी पिचर आणि नाण्याचं गणित

अमेरिकेत हिवाळ्यात बेसबॉल बंद असतं, वाद मात्र चालूच असतात. कुणाकडे किती पिचर (बेसबॉलमधले गोलंदाज), पाचवा कोण, तो दुखावला तर सहावा कोण, आणि यावरून यंदा वर्ल्ड सीरिज, म्हणजे जेतेपदाची अंतिम मालिका, कुणाची. या सगळ्या वादांत एक गोष्ट हमखास गृहीत धरलेली असते: पिचरांची फळी तगडी असली की जेतेपद जवळजवळ ठरलेलंच. ते किती चूक आहे, हे बारावीच्या गणिताने दाखवता येतं.

२०११ चा फिलाडेल्फिया फिलीज संघ घ्या. रॉय हॅलडे, क्लिफ ली, कोल हॅमल्स आणि रॉय ऑस्वाल्ट, असे चार बिनीचे पिचर एकाच संघात. १६२ पैकी १०२ सामने जिंकले, क्लबचा विक्रम. बाद फेरीत पहिल्यांदा समोर आले सेंट लुइस कार्डिनल्स. त्यांचे विजय ९०, आणि प्रवेश साखळीच्या शेवटच्या दिवशी, तोही फिलीजनीच त्या दिवशी अटलांटाला हरवलं म्हणून! पाच सामन्यांच्या या मालिकेत दुसऱ्या सामन्यात ४-० अशी आघाडी असताना लीच्या हातून सामना निसटला. ७ ऑक्टोबरचा निर्णायक पाचवा सामना १-० ने गेला. ती एकुलती एक धाव हॅलडेने पहिल्या इनिंगमध्ये (सामन्यात अशा नऊ इनिंग असतात) दिली होती. कार्डिनल्स पुढे वर्ल्ड सीरिजही जिंकले.

मुळात सामन्याची सुरुवात करायला आळीपाळीने पाच पिचर लागतातच कशाला? सहा महिन्यांत १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज खेळ, आणि एका कोपराला ते झेपत नाही. वेगवान गोलंदाजाची पाठ जाते, पिचरचं कोपर. पूर्ण जोराने चेंडू टाकताना कोपराच्या आतल्या बाजूवर साधारण ६० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. तिथला अस्थिबंध एकटा असता, तर प्रयोगशाळेतल्या मोजमापांनुसार याच्या निम्म्या पिळालाच तुटला असता. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू घेतात. ते थकले की सगळं ओझं पुन्हा अस्थिबंधावर, म्हणून मध्ये चार-पाच दिवसांची विश्रांती. तुटलाच तर मनगटाजवळची एक कंडरा काढून तिथे बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया प्रथम केली. त्यानंतर त्या गृहस्थाने आणखी १६४ सामने जिंकले.

आता माझा आवडता भाग. समजा, आपला संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस आहे आणि कुठलाही एक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे. बाद फेरीत पोचलेल्या दोन संघांमध्ये हा फरक मोठाच म्हणायचा. सातपैकी चार सामने जिंकायचे आहेत. सलग चार जिंकण्याची शक्यता ०.५५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ९ टक्के. पाच सामन्यांत मालिका संपायची तर एक पराभव हवा. तो पहिल्या चारांपैकी कुठेही चालेल, पण पाचव्यात नाही, कारण शेवटचा सामना जिंकूनच मालिका संपते. म्हणून चार रीती: ४ × ०.४५ × ०.०९१५, साधारण १६ टक्के. सहा सामन्यांत दोन पराभव पहिल्या पाचांत बसवायचे, त्याच्या १० रीती, १९ टक्के. सातांत तीन पराभव पहिल्या सहांत, २० रीती, १७ टक्के. बेरीज ६१.

म्हणजे एवढी मालिका खेळून ५५ चे झाले फक्त ६१. पाच सामन्यांच्या मालिकेत तर ५९ च होतात. जेतेपदासाठी अशा तीन मालिका लागोपाठ जिंकायच्या, तर ०.५९ × ०.६१ × ०.६१, म्हणजे साधारण २२ टक्के. फिलीजची साखळीतली ६३ टक्क्यांची सरासरी जशीच्या तशी धरली (आणि ती धरू नये, कारण साखळीत दुबळे संघही असतात), तरी हाच हिशेब ४३ टक्क्यांवर थांबतो. निम्मेसुद्धा नाहीत.

असं का होतं? सामने वाढतात तशी सरस संघाची अपेक्षित आघाडी (विजय वजा पराभव) सरळ प्रमाणात वाढते, पण योगायोगाची हेलकावणी वाढते सामन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. सात सामन्यांत आघाडी ०.७, हेलकावणी २.६. आघाडी पार बुडून जाते. १६२ सामन्यांत आघाडी १६, हेलकावणी १३ च्या आसपास. सरस संघच वर राहील याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे २७० सामन्यांची मालिका खेळवावी लागेल. प्रेक्षकांनी तोवर पंचांनाच मारलं असतं.

जाता जाता शापांबद्दल. बॉस्टनला १९१८ नंतर थेट २००४ मध्ये जेतेपद मिळालं, शिकागो कब्जना १९०८ नंतर २०१६ मध्ये. एकाला बेब रूथ या महान खेळाडूला विकल्याचा शाप, दुसऱ्याला मैदानाबाहेर काढलेल्या बोकडाचा. आता ३० अगदी सारखे संघ कल्पा, दरवर्षी एक विजेता. एखादा संघ ५० वर्षं कोरडा राहण्याची शक्यता (२९/३०) चा पन्नासावा घात, सुमारे १८ टक्के. तीसांतले पाच-सहा संघ कुठल्याही बोकडाशिवाय शापित दिसणारच. आपल्याकडे साडेसातीचे हिशेब असेच जमतात.

मग पिचरांच्या फळीचा उपयोग काय? गंमत अशी की ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत ती पूर्ण वापरलीच जात नाही. मध्ये सुट्टीचे दिवस असतात, त्यामुळे तीन-चार पिचरांवर भागतं आणि पाचवा बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, बसतो. २०२४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडे सामन्याची सुरुवात करणारे धडधाकट पिचर तीनच उरले होते, तरी वर्ल्ड सीरिज तेच जिंकले. फळी लागते ती एप्रिल ते सप्टेंबर: बाद फेरीचं तिकीट मिळवायला, आणि चांगले खांदे-कोपरं शाबूत ठेवून तिथवर पोचायला.

२०२५ मध्ये त्यांचे पिचर ब्लेक स्नेल आणि टायलर ग्लासनाऊ महिनोन्महिने जायबंदी होते, तरी डॉजर्स इतरांवर निभावत योशिनोबू यामामोतोला दोन सामन्यांमध्ये सहसा पाच दिवस तरी विश्रांती देत राहिले. वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात त्याने ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात आणखी ३४. लोक त्याच्या हातावर निबंध लिहीत बसले, तेही रास्तच. पण हा सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत गेला, कारण नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये प्रतिस्पर्धी टोरोंटोला फक्त दोन गडी बाद करायचे राहिले असताना डॉजर्सच्या मिगेल रोहासने होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारून बरोबरी साधली. फटकेबाज म्हणून रोहासची कधीच ख्याती नव्हती.