सीनियरचं जाडजूड पुस्तक आणि जीआरई

निपाणी, खानापूरकडून बेळगावला इंजिनिअरिंगला येणाऱ्या पोरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: आपण मराठी माध्यमातले, त्यामुळे जीआरईसाठी (परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा) सीनियरचं जुनं पुस्तक मिळवायचं आणि त्यातले हजारो इंग्रजी शब्द घोकायचे. मग बसमध्ये चिठ्ठ्या, मेसमध्ये चिठ्ठ्या.

एके काळी हे बरोबर होतं. सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी विचारत. ऑगस्ट २०११ मध्ये तो प्रकारच बंद झाला. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते. एका प्रकारात तर सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे, की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच निघेल. वाक्याच्या सुरुवातीला 'ऑल्दो' (म्हणजे 'जरी') दिसलं की पुढे कलाटणी येणार, हे ओळखता आलं पाहिजे. शब्द लागतातच, पण नुसती यादी पाठ असून ही कलाटणी दिसत नाही.

पुस्तक हातात आलं की आधी गुण बघा. ८०० पैकी असतील तर ते २०११ पूर्वीचं. हल्ली भाषा आणि गणित या दोन विभागांना प्रत्येकी १३० ते १७० गुण असतात. सप्टेंबर २०२३ पासून पावणेचार तासांची परीक्षा १ तास ५८ मिनिटांवर आली, दोनातला एक निबंधही गेला. गणिताला मात्र जुनं पुस्तक खुशाल वापरा. टक्केवारी काय बदलणार?

आणि खिशात हात घालण्याआधी, परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या पॉवरप्रेप या ऑनलाइन सरावसंचातल्या दोन फुकट सराव परीक्षा सोडवा.