टोपी गुन्हा ठरली तेव्हाचं सोलापूर

चार हुतात्मा चौकातून सोलापूरकर रोज जातो, पण त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. एखाद्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला की 'माणसानं बोलायचं तरी किती?' हा वाद पेटतो. आपल्या गावात तो १९३० पासूनचा आहे.

५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. ८ तारखेला रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडणाऱ्यांना पोलिसांनी धरलं, जमाव चिडला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे गेले. मग मंगळवार पेठेची चौकी पेटली, पोलीस मारले गेले. १२ मेला लागलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, ३० जूनपर्यंत होता. पोलिसांना मारणं हा गुन्हाच, त्यावर वाद नाही. पण लष्करानं त्याच दावणीला गांधी टोपी आणि झेंडाही बांधला. घडी घालून खिशात मावेल एवढं ते पांढरं कापड, आणि डोक्यावर चढवलं की माणूस गुन्हेगार! 'कर्मयोगी' वृत्तपत्राचे संपादक रामभाऊ राजवाडेही तुरुंगात गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली.

मार्शल लॉ नसलेल्या साध्या दिवसांतलं हत्यार होतं ते दंड संहितेतलं १८७० चं राजद्रोहाचं कलम १२४अ. टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये त्याखालीच शिक्षा झाली. त्यात गुन्हा होता सरकारविषयीची 'अप्रीती', म्हणजे जवळजवळ मनच मोजायचं. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम २९५अ १९२७ मध्ये आलं.

घटनेनं बोलण्याचा हक्क दिला, आणि १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीनं बंधनांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था घातली. बंधनं 'वाजवी' हवीत, हेही तेव्हाच आलं. माझ्या मते सगळं भांडण या एका शब्दाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या केदारनाथ निकालानं राजद्रोहाची रेघ जरा नीट ओढली: सरकारवर कितीही टीका करा, हिंसेला चिथावू नका. तरी २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झालीच. त्यातून पेटलेल्या वादात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरचं ६६अ कलम २०१५ मध्ये रद्द झालं.

१२४अ ला सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये थोपवलं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. त्याच्या जागी देशाची एकता-अखंडता धोक्यात आणण्याविरुद्धचं कलम १५२ आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षेचं, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशाचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे.