सोसायटी आणि उत्पादक कंपनी: डीडीआर कुठे येतो, कुठे येत नाही

शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेत हिशेबावरून वाजलं की कुणीतरी उठतो, "डीडीआरकडे अर्ज टाकतो, प्रशासक बसवतो" म्हणतो आणि अर्धी सभा माना डोलावते. डीडीआर म्हणजे सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक; त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. उत्पादक कंपनी म्हणजे नाव बदललेली सहकारी सोसायटी, हा समज इतका पसरलाय की संचालकही त्याच समजुतीवर कारभार करतात.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) हे सगळ्यांचं मिळून नाव. त्याची नोंदणी सोसायटी म्हणूनही होते, कंपनी म्हणूनही. कंपनी म्हणून झाली की एफपीसी, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. 'कंपनी म्हणजे ज्याचे शेअर जास्त त्याचं राज्य' हेही चूक. सभासद व्यक्तिगत शेतकरी असतील तर शेअर दहा असोत की हजार, मत एकच. संचालक ५ ते १५. सोसायटीतली पॅनेलं, गटसचिव, लेखापरीक्षण यांबद्दल गावात कुणाला शिकवायची गरज नाही.

खरा घोळ पुढे आहे: कारभार बिघडला तर सावरणार कोण?

सोसायटीवर महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याने निबंधक बसवलाय. तो कलम ८३ खाली चौकशी लावतो, ८८ खाली नुकसानीची रक्कम संचालकांवर बसवतो, समिती बरखास्त करून प्रशासक नेमतो. वाद सहकार न्यायालयात जातो. या अधिकारांचं राजकारण किती होतं ते सगळे जाणतात, पण ठोठावायला दार आहे.

उत्पादक कंपनी केंद्राच्या कायद्याखाली येते. २००३ मध्ये ती जुन्या कंपनी कायद्यात भाग ९-अ म्हणून आली. फेब्रुवारी २०२१ पासून २०१३ च्या कायद्यातलं प्रकरण २१-अ तिला लागू आहे. इथला आरओसी, म्हणजे कंपनी निबंधक, मुख्यतः कागद बघतो. वार्षिक फॉर्म उशिरा भरला तर दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र दिलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, तेही कुठल्याही कंपनीत. सभासदांशी व्यवहारच थांबवला तर कंपनीचं नाव नोंदवहीतून काढता येतं. पण म्हणून आरओसी गावात प्रशासक पाठवत नाही. सभासद आणि संचालक मंडळ यांच्यातला वाद समेटाने किंवा लवादाने मिटवायचा, असं कायदाच सांगतो. एनसीएलटीची (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची) वाट आहे, पण तिला वकील लागतो, पैसा लागतो आणि हंगाम निघून जातो.

म्हणजे लगाम सभासदांच्याच हाती आणि तो जड आहे. ९०० सभासद धरा. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एक चतुर्थांश, म्हणजे २२५. विशेष सभा मागायची तर एक तृतीयांश, म्हणजे ३०० सह्या. 'कोरमअभावी तहकूब, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी' ही सोसायटीची सवय इथे चालत नाही. वर कुणी नसताना आतली माहितीही दाबली, तर चूक कळेपर्यंत गोदाम रिकामं झालेलं असतं.

बाजार एका रात्रीत उलटतो तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त बोचतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. अशा वेळी अध्यक्ष तिघा संचालकांना फोन करतात, माल ओळखीच्या व्यापाऱ्याला देतात आणि इतिवृत्त महिनाअखेरीस लिहिलं जातं. वर 'अध्यक्षांना सर्वाधिकार' असा ठराव. या ठरावासारखी घातक गोष्ट दुसरी नाही.

घाईतही नियमात राहता येतं. मंडळाच्या सभेची नोटीस सात दिवसांची आणि ती सीईओने काढायची. पण कारण लिहून ठेवलं तर त्याहून कमी मुदतीत सभा घेता येते. गणपूर्ती एक तृतीयांश, किमान तीन. विषय मोजके ठेवा: कुठल्या सभासदाचा किती क्विंटल माल पडून आहे, कुठले करार अंगावर आहेत, सीईओने किती दराच्या खाली विकायचं नाही आणि हा अधिकार कुठल्या तारखेपर्यंत. ज्या संचालकाचा व्यापाऱ्याशी धंदा आहे त्याने तसं सांगून बाहेर बसायचं. दुसऱ्या दिवशी ठराव जसाच्या तसा सभासदांच्या ग्रुपवर.

इथेच सीईओचा प्रश्न येतो. कायद्याने तो पूर्णवेळ हवा आणि सभासद नसलेला हवा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तो अध्यक्षांचा कारकून असतो. २०२० च्या दहा हजार एफपीओ योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत आहे. ती संपली की पहिली कपात त्याच्या पगारावर येते आणि रोजचा सौदा अध्यक्षांच्या खिशात जातो.

बाहेरच्या भांडवलाचंही तसंच. उत्पादक कंपनीचे शेअर उत्पादकांनाच, त्यामुळे गुंतवणूकदार थेट आत येऊ शकत नाही. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांचे सुमारे ३१० कोटी घेतले ते उपकंपनीत. वाट चांगली आहे, पण मग उपकंपनीच्या मंडळावर सभासदांच्या वतीने कोण बसणार आणि कुठल्या विषयाला मूळ कंपनीच्या सभेची मंजुरी लागणार, हे पैसे येण्याआधी लिहून घ्यावं लागतं.

नुसतं पीककर्ज आणि खत वाटायचं असेल तर सोसायटीच बरी. कंपनीचा खटाटोप करू नये. कंपनीच काढणार असाल तर सीएसने (कंपनी सचिवाने) दिलेल्या छापील नियमावलीवर डोळे मिटून सह्या करू नका. संचालकाचा वा नातेवाइकाचा माल कंपनीने कुठल्या दराने घ्यायचा, सीईओची विक्रीमर्यादा किती आणि तिमाही हिशेब सभासदांना कुठल्या तारखेला मिळणार, ही तीन कलमं तिच्यात बहुधा नसतात. ती नोंदणीआधीच घालून घ्या. नंतर नियमावली बदलायला तीन चतुर्थांश मतांचा विशेष ठराव लागतो.