देवी काढलेला दंड

आमच्या डिचोलीच्या घरात आजीच्या दंडावर दोन खोलगट गोल डाग होते. चार आण्याच्या नाण्याएवढे, कडेने सुरकुतलेले, मधली कातडी मात्र गुळगुळीत. तिच्या खांद्याला तेल चोळून देताना बोट त्या खळग्यात जाऊन थांबायचं. ‘देवी काढल्यात,’ एवढंच ती सांगायची. मला वाटायचं, अंगातली देवी कुणीतरी ओढून बाहेर काढली असणार. पुढे कळलं की देवी काढणे म्हणजे देवी या रोगाची लस टोचून घेणे. लस आत जायची, चारेक दिवसांनी त्या जागी फोड वर यायचा, पिकायचा, खपली धरायचा आणि तिसऱ्या आठवड्यात खपली गळून खूण उरायची. फोड वर आलाच नाही तर पुन्हा टोचत. म्हणजे भाषा बरोबरच होती: देवी ‘निघाल्या’ तरच काम झालं.

करोनाच्या काळात ‘इम्युनिटी’ हा शब्द पणजीच्या फार्मसीपासून वाळपईच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला. ‘इम्युनिटी वाढवणारा’ काढा, लेह्य, बिस्किटसुद्धा. मला यात आपल्या ‘रोगप्रतिकारशक्ती’ या शब्दाचाच थोडा दोष दिसतो. शक्ती म्हटली की ती कमी-जास्त होणार, टाकीसारखी भरता येणार. मूळ लॅटिन शब्द ‘इम्यूनिस’ याचा शक्तीशी काही संबंध नाही. करातून किंवा सक्तीच्या सेवेतून सूट मिळालेला, असा त्याचा अर्थ. सारामाफीची जमीन असते तसा माफी मिळालेला माणूस. आणि ही माफी मिळते ती बहुतेक वेळा शरीराच्या आठवणीमुळे. आजीच्या दंडावरची खूण ही त्या आठवणीची पावतीच होती.

ही आठवण लोकांच्या ध्यानात शास्त्राच्या कितीतरी आधी आली होती. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ आली, तिचं वर्णन करताना थ्युसिडिडीस हा इतिहासकार लिहून गेला की आजारातून उठलेली माणसंच रोग्यांची सेवा करत होती, कारण त्यांना तो पुन्हा जीवघेणा होत नव्हता. त्याहून चोख पुरावा १८४६चा. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली आणि पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर हिंडला. तिथे आधीची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती. त्या साथीत गोवर निघालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही या खेपेस तो झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत बेटावर गोवर फिरकलाही नव्हता, तरी शरीर विसरलं नव्हतं.

देवीच्या बाबतीत आपल्या देशात याच्याही पुढची पायरी गाठली होती. बंगालमधले टीकादार रोग्याच्या फोडातला पू जपून ठेवत आणि निरोग्याच्या हातावर ओरखडा काढून तिथे लावत. हॉलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्ये या पद्धतीचा तपशीलवार वृत्तांत छापला. रोग सौम्य यायचा, कधी जीवही घ्यायचा, पण वाचला तो जन्मभर सुटला. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नरने माणसाच्या देवीऐवजी गाईच्या देवीचा पू आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला, तेव्हा पद्धत जुनीच होती, फक्त धोका गेला. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचली गेली. बर्फ नाही, फ्रीज नाही. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी हातोहात लस बगदाद-बसऱ्याहून इथवर आली आणि इथून देशभर पसरली.

हे सगळं ‘काय होतं’ याचं ज्ञान. ‘का होतं’ याचं उत्तर शोधायला सोळाव्या शतकातल्या गोव्यात जाऊ.

१५४३ मध्ये जुन्या गोव्यात पटकीची भयंकर साथ आली. तिथे राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलंय, आणि नावाची गंमतही नोंदवली आहे: इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही ते बिघडवून ‘मोर्देशी’ करतो. मोर्शी म्हणजे आपली मोडशी! पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचं ‘मॉर द शियाँ’ केलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. आजीच्या तोंडी अपचनासाठी असलेला घरगुती शब्द असा युरोपात जाऊन भेसूर झाला. ऑर्टाची नजर तीक्ष्ण होती, पण कारण शोधताना त्याच्याकडे त्या काळचीच चौकट होती. शरीरातले द्रव बिघडले की रोग होतो, द्रव काढून टाकले की उतरतो. शरीर रोगाची ओळख ठेवतं ही कल्पनाच त्यात बसत नव्हती. (तो १५६८ मध्ये वारला. बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो छुपा ज्यू ठरला. आज पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे.) साथींनी राजधानी पोखरली. शेवटी १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी इथे वैद्यकीय शाळा निघाली होती, तिचा वारसा आजचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय सांगतं.

‘का’चा पहिला धागा सापडला तो काट्यामुळे. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याने बागेतल्या झाडाचा काटा अळीत टोचला. सकाळी बघतो तर काट्याभोवती हालत्या पेशींचा घोळका जमलेला. या पेशी घुसखोराला गिळतात, हे त्याने ओळखलं.

हा प्रयोग आपण सगळेच पायावर करून बसलोय. भाटात, म्हणजे बागायतीत, अनवाणी गेलं, काटा रुतला, टोक आत मोडलं. दुसऱ्या दिवशी जागा लाल, गरम, ठणकणारी: आसपासच्या रक्तवाहिन्या सैल होऊन द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर सोडत असतात. तिसऱ्या दिवशी पू. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. हे सैन्य कुणालाही ओळखत नाही, जंतूंच्या अंगावरच्या ढोबळ खुणा पाहून तुटून पडतं. मग जांघेत गाठ येते. ‘अवधाण आलं,’ असं जुनी माणसं म्हणतात आणि पोटीस बांधतात. तिथे काय चाललेलं असतं? जखमेतल्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून त्या गाठीत पोचलेल्या असतात आणि तिथल्या लिम्फोसाइट पेशींना ते दाखवत सुटतात. लाखोंतल्या एखाद्या पेशीला तो तुकडा जुळतो. मग तीच पेशी भराभर आपल्या प्रती काढते, म्हणून गाठ सुजते. पहिल्या भेटीत या कामाला आठवडा-दोन आठवडे जातात. नंतर बहुतेक पेशी मरतात, थोड्या उरतात. त्या उरलेल्यांनाच स्मृतिपेशी म्हणतात. पुन्हा तोच जंतू आला की काम दिवसांत उरकतं.

मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी होता वाल्देमार हाफकिन. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत गाठीच्या तापाचे रोगी दिसू लागले, तेव्हा हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं निदान केलं ते आपल्या हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. गोंयकारांच्या कुडी, म्हणजे सामायिक वसतिगृहं, त्याच भागात, तरी पुतळा कुणाचा हे विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतात, हा माझा अनुभव. हाफकिनला मुंबईत बोलावलं गेलं. त्याने उष्णतेने मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. मेलेला जंतूही ओळख पटवून द्यायला पुरतो, हे त्यातलं मर्म.

तिकडे बर्लिनमध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये वेगळीच गोष्ट दाखवली होती. धनुर्वाताला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला नुसता द्रव दुसऱ्याला दिला तरी तो वाचतो. पेशी लढतात की द्रव, यावर फ्रेंच-जर्मन गोटांत वर्षानुवर्षं जुंपली. १९०८ चं नोबेल पेशीवाला मेचनिकॉफ आणि द्रववाला पॉल एर्लिश या दोन्ही बाजूंना विभागून दिलं. दोघंही बरोबर होते.

द्रवाची बाजू गोव्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात दिसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं की देतात तिला आपण ‘सापाची लस’ म्हणतो. ती लस नव्हेच. घोड्याला थोडं थोडं विष देऊन त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी असतात त्या. उसन्या. काम करतात आणि काही आठवड्यांत संपतात, आठवण घोड्याकडेच राहते. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर दोन्ही द्यावं लागतं: जखमेत उसनी प्रतिपिंडं आणि दंडात खरी लस. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सावकाश सरकतो, म्हणून चावल्यानंतर शिकवणी सुरू केली तरी शरीराला वेळ मिळतो. पाश्चरने १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला याच फटीतून वाचवलं. गोव्याने मात्र कुत्र्यांनाच शिकवायचं ठरवलं. ७० टक्के कुत्री टोचली की साखळी तुटते, या हिशेबाने रस्त्यारस्त्यावर जाळी घेऊन पथकं फिरली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं.

आठवण नेमकी कोण ठेवतं, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला, आणि त्यात कोंबडीचा वाटा मोठा. कोंबडीच्या शेपटीकडे गुदद्वाराच्या वर एक लहानशी पिशवी असते. तिचा उपयोग कुणालाच ठाऊक नव्हता. अमेरिकेत ब्रूस ग्लिकने ती काढलेल्या कोंबड्या एका सहकाऱ्याने वर्गात प्रात्यक्षिकासाठी नेल्या, तर त्यांच्यात प्रतिपिंडंच तयार होईनात. मोठ्या नियतकालिकाने लेख नाकारला, तो १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या पत्रिकेत छापून आला. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींमधलं ‘बी’ या पिशवीच्या, बर्साच्या, नावावरून आलंय. आपल्यात ते काम हाडांतली मज्जा करते. छातीतल्या थायमस ग्रंथीलाही निरुपयोगी समजत, १९६१ मध्ये जॅक मिलरने टी-पेशी (लिम्फोसाइटांचा दुसरा प्रकार) तिथे घडतात हे दाखवलं. आणि १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेटने सांगितलं की शरीर जंतू पाहून शस्त्र घडवत नाही. असंख्य तऱ्हांच्या पेशी आधीच तयार असतात, जंतू येऊन त्यांतली जुळणारी निवडतो.

आठवण दर वेळी बसतेच असं नाही. धनुर्वात होऊन वाचलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो, कारण माणूस मारायला पुरणारं विष इतकं थोडं असतं की शरीराच्या नजरेतच येत नाही. म्हणून त्यालाही लस घ्यावी लागते. उलट देवीच्या लशीची आठवण चिवट. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७५ वर्षांपूर्वी टोचलेल्या माणसांच्या रक्तातही तिच्या खुणा मिळाल्या. ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याची घोषणा झाली. माझ्या दंडावर फक्त बीसीजीचा डाग आहे.

बर्नेटने आपला सिद्धांत मांडला त्याच १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली होती. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा तो माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत पाळी गावच्या काजू गोळा करणाऱ्यांपर्यंत पोचला. त्यावरची मेलेल्या विषाणूची लस शरीर लवकर विसरायचं, पुन्हा पुन्हा टोचावी लागायची, आणि २०२२ मध्ये तीही बंद झाली. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर काजूच्या हंगामात बागायतीत शिरताना हातापायांना गोचीड दूर ठेवणारं डेपाचं तेल चोळायचं आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखेत, गुडघ्यामागे गोचीड शोधायची.